ॲलन गेला, क्लार्क आला

ओरॅकल शिकलेल्या माणसाला एम्प टेबलाची ओळख करून द्यावी लागत नाही. स्मिथ, ॲलन, वॉर्ड अशी सुरुवात होऊन मिलरपाशी संपणाऱ्या १४ ओळी, आणि सोबत डेप्ट टेबलात ४ विभाग: न्यूयॉर्कचा अकाउंटिंग, डॅलसचा रिसर्च, शिकागोचा सेल्स, बोस्टनचा ऑपरेशन्स. ही टेबलं ज्या खात्यात असत त्याचं नाव स्कॉट आणि पासवर्ड टायगर. ब्रूस स्कॉट हा ओरॅकलच्या अगदी सुरुवातीच्या प्रोग्रामरांपैकी एक, आणि टायगर हे त्याच्या घरच्या मांजराचं नाव. पुण्या-मुंबईच्या क्लासांत एसक्यूएल शिकलेल्या एका अख्ख्या पिढीने या मांजराच्या नावाने लॉगिन केलेलं आहे.

पुढच्या संवादातला मामा त्याच पिढीतला, ओरॅकलवर हयात गेलेला. भाची हिंजवडीत डेटा ॲनालिस्ट आहे आणि पोस्टग्रेसवर काम करते. वाद निघाला तो एका साध्या प्रश्नावरून: आपल्या विभागाच्या सरासरीपेक्षा जास्त पगार कोणाकोणाला आहे? भाचीने लॅपटॉपवर एम्प टेबल भरून घेतलं आणि लिहिलं ते असं. (क्वेरी देवनागरीत उतरवली आहे, बाकी जशीच्या तशी.)

सिलेक्ट ई.इनेम, ई.सॅल
फ्रॉम एम्प ई
व्हेअर ई.सॅल > (सिलेक्ट ॲव्हरेज(एक्स.सॅल) फ्रॉम एम्प एक्स
व्हेअर एक्स.डेप्टनो = ई.डेप्टनो)

मामा: उत्तर बरोबर आहे. आता मला सांग, हे ई आणि एक्स कशासाठी?

भाची: एलियस आहेत. टेबलाचं नाव सारखं सारखं टाइप करायला नको.

मामा: एम्प तीन अक्षरी स्पेलिंग. ई एक अक्षरी. दोन अक्षरं वाचवायला एवढा खटाटोप?

भाची: इथे दोन. आमच्या ऑफिसातली टेबलांची नावं बघशील तर घाम फुटेल. आणि सगळेच लिहितात तसं.

मामा: मग इथे काढून टाक. दोन्ही काढ.

भाची: एरर येईल.

मामा: येऊ दे की. चालव तर.

सिलेक्ट इनेम, सॅल
फ्रॉम एम्प
व्हेअर सॅल > (सिलेक्ट ॲव्हरेज(सॅल) फ्रॉम एम्प
व्हेअर डेप्टनो = डेप्टनो)

एरर आला नाही. ६ ओळी आल्या. आधीही ६च आल्या होत्या.

भाची: घ्या. चाललं की! म्हणजे नुसती सोयच आहे ती.

मामा: ओळी मोजू नकोस. नावं वाच.

पहिल्या यादीत किंग, जोन्स, स्कॉट, फोर्ड, ब्लेक आणि ॲलन होते. दुसरीत किंग, जोन्स, स्कॉट, फोर्ड, ब्लेक आणि क्लार्क. ॲलन गेला, क्लार्क आला. क्लार्कचा पगार २४५०. त्याच्या अकाउंटिंग विभागात किंगचे ५००० असल्यामुळे विभागाची सरासरी २९१६च्या वर जाते, म्हणजे क्लार्क तिथे सरासरीच्या खालीच. ॲलनला १६०० मिळतात, पण सेल्सची सरासरी १५६६च्या आसपास, म्हणून तो वर. दुसऱ्या क्वेरीने विभाग पाहिलाच नाही. तिने अख्ख्या कंपनीची सरासरी काढली, २०७३ आणि वर काही पैसे, आणि प्रत्येकाला तिच्याशी ताडून पाहिलं. प्रश्न बदलला, उत्तराचा आकार तोच राहिला. चाचणीत ओळींची संख्या तपासणाऱ्याला हे कधीही सापडणार नाही.

भाची थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिली.

भाची: डेप्टनो बरोबर डेप्टनो. दोन्ही आतलेच धरले त्याने.

मामा: धरणारच. मोठ्या वाड्यात 'बाळू' म्हणून हाक मारलीस तर आतल्या खोलीतला बाळू आधी ओ देतो. आत कोणी बाळू नसेल तरच बाहेरचा येतो. कंसातल्या सबक्वेरीत नाव आलं की आधी आतल्या टेबलात शोध, तिथे नसेल तर बाहेरच्या. आत डेप्टनो होता, सापडला. दोन्ही वेळा तोच सापडला. ज्या ओळीत डेप्टनो रिकामा नाही त्या प्रत्येक ओळीला ही अट खरी.

भाची: म्हणजे बाहेरच्याकडे बोट दाखवायला एलियस लागतो. ठीक आहे, मान्य. पण तरी ते टेबलाचं दुसरं नावच झालं ना?

मामा: टेबलाचं नाहीच. एम्प हे टेबलाचं नाव. ई म्हणजे त्या टेबलातली आत्ता हातात असलेली एक ओळ. एक्स म्हणजे दुसरी एक ओळ. टेबल एकच आहे, ओळी दोन.

भाची: मामा, हे उगाच तत्त्वज्ञान झालं.

मामा: मी नाही केलेलं. कॉडने १९७१ साली आल्फा नावाची भाषा कागदावर मांडली, तिच्यात हेच होतं. बर्कलीला स्टोनब्रेकर मंडळींनी इन्ग्रेस केलं, त्याची भाषा क्वेल. तिथे पहिली ओळच अशी लिहायची: रेंज ऑफ ई इज एम्प. म्हणजे ई हा एम्पच्या ओळींवरून फिरणार आहे, हे आधी जाहीर करा, मग प्रश्न विचारा. चेंबर्लिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये सीक्वेल मांडली, तिचीच पुढे एसक्यूएल झाली, आणि त्यांना ती साध्या माणसाला वाचता येईल अशी हवी होती. म्हणून जाहीर करण्याची सक्ती गेली. फिरणारी ओळ मात्र तिथेच आहे, फक्त दिसत नाही.

इथे मला मामाची बाजू घ्यावीशी वाटते, आणि त्याचा पुरावा भाचीच्या रोजच्या कामातच आहे. एकदा फ्रॉम एम्प ई असं लिहिलं की पुढे एम्प.सॅल म्हटलेलं पोस्टग्रेसला चालत नाही; ते स्पष्ट सांगतं की तुम्हाला बहुधा एलियस म्हणायचा होता. नुसतं टोपणनाव असतं तर मूळ नावही चाललं असतं.

मामाने मग लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

सिलेक्ट कर्मचारी.इनेम, साहेब.इनेम
फ्रॉम एम्प कर्मचारी
जॉइन एम्प साहेब ऑन साहेब.एम्पनो = कर्मचारी.एमजीआर
व्हेअर कर्मचारी.सॅल > साहेब.सॅल

मामा: साहेबापेक्षा जास्त पगार घेणारे कोण? दोघं. स्कॉट आणि फोर्ड. दोघांचा साहेब जोन्स, त्याला २९७५, यांना ३०००. आता मला सांग, इथे तू ए आणि बी लिहिलं असतंस तर सहा महिन्यांनी वाचताना साहेब कोण आणि हाताखालचा कोण हे कळलं असतं?

भाची: आमच्याकडे टी१, टी२, टी३ लिहिणारे आहेत.

मामा: त्यांना माझा नमस्कार सांग.

भाची: पण मराठी एलियस कोण टाइप करणार?

मामा: करू नकोस. एम्प आणि बॉस लिही. मुद्दा एवढाच की नावावरून ओळीची भूमिका कळली पाहिजे. सबक्वेरीत तर मी 'आतला' आणि 'बाहेरचा' अशीच नावं देतो. आतला.डेप्टनो बरोबर बाहेरचा.डेप्टनो. वाचताना जीभ अडखळत नाही.

भाची: आणि प्रत्येक कॉलमला मागे नाव लावायचं? जिथे गोंधळ होऊच शकत नाही तिथेही?

मामा: गोंधळ होऊ शकत नाही हे कोण ठरवणार? पगाराच्या श्रेणींचं सालग्रेड टेबल आहे बघ, ५ ओळींचं. त्यात ग्रेड, लोसॅल, हायसॅल एवढेच कॉलम. विभाग नाहीच. आता हे चालव.

सिलेक्ट इनेम फ्रॉम एम्प
व्हेअर डेप्टनो इन (सिलेक्ट डेप्टनो फ्रॉम सालग्रेड)

भाची: सालग्रेडमध्ये डेप्टनो नाही तर हे चालणारच... थांब. आत नाही, म्हणून बाहेरचा घेतला?

मामा: १४च्या १४ ओळी. प्रत्येक ओळीला विचारलं, तुझा डेप्टनो तुझ्याच डेप्टनोइतका आहे का? आहे. आता सिलेक्टच्या जागी डिलीट आहे असं समज.

भाची: बाप रे.

मामा: आत सालग्रेडला एस म्हटलं असतं आणि एस.डेप्टनो लिहिलं असतं, तर त्याने तिथेच अडवलं असतं, असा कॉलम नाही म्हणून. तो एरर मिळवण्यासाठी एलियस लिहायचा. टायपिंग वाचवण्यासाठी नाही.

एवढ्यावर वाद संपला असता तर मी हा लेख लिहिलाच नसता. एलियसवर भाची हरली, पण सबक्वेरीवर ती मामाला सहज सोडणारी नव्हती. आणि तिचा मुद्दा मामाच्या पिढीने कधी नीट मनावर घेतलेला नाही.

मामा: आतली क्वेरी बाहेरच्या ओळीवर अवलंबून आहे, म्हणून तिला कोरिलेटेड म्हणायचं. बाहेरची एक ओळ उचलायची, आत जायचं, त्या विभागाची सरासरी काढायची, बाहेर यायचं, तुलना करायची. मग पुढची ओळ. १४ ओळी, १४ फेऱ्या.

भाची: हे कसं समजायचं ते सांगतोयस, की आत खरोखर काय होतं ते?

मामा: दोन्ही एकच.

भाची: अजिबात नाही. क्वेरीत आपण काय हवं ते लिहितो. फेऱ्या मारायच्या की आधी सगळ्या विभागांच्या सरासऱ्या एकदाच काढून जोडायच्या, हे इंजिन ठरवणार. वोन किम याने १९८२ सालीच दाखवलं होतं की अशा घरट्यासारख्या क्वेरी उलगडून साध्या जॉइनमध्ये बदलता येतात. म्युनिकच्या नॉयमान आणि केम्पर यांनी २०१५ मध्ये तर कुठलीही कोरिलेटेड सबक्वेरी उलगडायची पद्धत मांडली, डकडीबी तीच वापरतं. तुझ्या फेऱ्या फक्त समजावून सांगायला बऱ्या.

मामा: किमचं नाव काढलंसच, तर त्याच्या उलगडण्याचं पुढे काय झालं तेही सांग. विभागवार माणसं मोज बघू. आधी माझ्या पद्धतीने.

सिलेक्ट डी.डीनेम,
(सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम एम्प ई व्हेअर ई.डेप्टनो = डी.डेप्टनो)
फ्रॉम डेप्ट डी

उत्तर: अकाउंटिंग ३, रिसर्च ५, सेल्स ६, ऑपरेशन्स ०. बोस्टनच्या ऑपरेशन्स विभागात एकही माणूस नाही. ज्याने कोणी हे टेबल बनवलं त्याने तो रिकामा विभाग मुद्दाम ठेवला असावा असं मला नेहमी वाटत आलं आहे.

मामा: आता तुझ्या पद्धतीने. जॉइन कर, ग्रुप बाय कर.

भाची: ३ ओळी. बोस्टन गेलं. अर्थात, जुळणारी ओळच नाही. मग लेफ्ट जॉइन.

मामा: कर.

भाची: ४ ओळी. ऑपरेशन्स... १?

मामा: काउंट स्टार ओळी मोजतो. लेफ्ट जॉइनने बोस्टनसाठी एक रिकामी ओळ तयार केली, तीही मोजली. काउंट(ई.एम्पनो) लिहिलंस तरच शून्य. किमच्या रीतीत नेमकं हे शून्यच निसटलं होतं. त्याला काउंट बग असं नावच पडलं, आणि गान्स्की आणि वाँग यांनी १९८७ मध्ये आउटर जॉइन घालून तो निस्तरला. संशोधक पाच वर्षं ज्यात अडकले ते तू शुक्रवारी संध्याकाळी डेडलाइनच्या आधी हाताने उलगडणार?

भाची: उलट, हा माझाच मुद्दा आहे! उलगडायचं काम माणसाने करायचंच नाही. प्रश्न सरळ लिहायचा आणि उलगडणं इंजिनावर सोडायचं.

मामा: मग आपलं भांडण काय आहे?

भाची: भांडण हे आहे की इंजिन ते दर वेळी करतंच असं नाही. हे बघ एक्सप्लेन ॲनालाइझ.

तिने पहिलीच क्वेरी, बरोबरची, पोस्टग्रेसमध्ये एक्सप्लेन लावून चालवली. आराखड्यात सबप्लॅन १ दिसत होता आणि त्याच्यापुढे लूप्स बरोबर १४.

मामा: माझ्या १४ फेऱ्या!

भाची: हो, तुझ्या फेऱ्या. म्हणूनच तर ऑफिसात असं लिहायला मला नको वाटतं. एक्झिस्ट्स असेल तर पोस्टग्रेस ते सहसा उलगडून सेमी जॉइन करतं, पण सरासरीसारखी एक किंमत देणारी सबक्वेरी असेल तर नाही. १४ ओळींना काय होतंय? एक लाख ओळी घे. प्रत्येकीसाठी पुन्हा लाख ओळी चाळायच्या. एक हजार कोटी वेळा ओळ बघायची झाली.

मामा: डेप्टनोवर इंडेक्स टाक.

भाची: तीन विभाग असताना? इंडेक्स लावूनही दर वेळी तेहतीस हजार ओळी वाचायच्याच आहेत.

मामा: ओरॅकल एकदा काढलेली सरासरी लक्षात ठेवतं. तोच विभाग पुन्हा आला की आत जातच नाही.

भाची: ओरॅकल ठेवतं. मी ओरॅकलवर नाही.

मामाला इथे उत्तर नव्हतं, आणि ते नसणं मला महत्त्वाचं वाटतं. कोरिलेटेड सबक्वेरी संथ असते हे जितक्या ठामपणे सांगितलं जातं तितक्याच ठामपणे ती संथ नसते असंही सांगितलं जातं, आणि दोन्ही विधानं कोणत्या इंजिनावर, कोणत्या प्रकारची सबक्वेरी, किती ओळींवर, हे सांगितल्याशिवाय निरर्थक आहेत. लूप्सचा आकडा बघायला अर्धा मिनिट लागतं. तो न बघता मतं बाळगणारे लोक मला दोन्ही गटांत भेटले आहेत.

भाचीने मग तिची आवडती रीत लिहिली.

सिलेक्ट इनेम, सॅल
फ्रॉम (सिलेक्ट इनेम, सॅल, ॲव्हरेज(सॅल) ओव्हर (पार्टिशन बाय डेप्टनो) ॲज सरासरी
फ्रॉम एम्प) टी
व्हेअर सॅल > सरासरी

भाची: विंडो फंक्शन. एम्प एकदाच वाचलं, विभागवार रांगा लावल्या, सरासरी प्रत्येक ओळीशेजारी आली. तेच ६ जण, ॲलनसकट. आतला-बाहेरचा काही भानगडच नाही.

मामा: बाहेर एक कंस मात्र वाढला.

भाची: वाढणारच. व्हेअर आधी चालतं, विंडो नंतर. त्यामुळे सरासरीवर त्याच पातळीला अट घालता येत नाही.

मामा: आणि त्या कंसाला टी नाव दिलंस.

भाची: आमच्याकडे पोस्टग्रेस १५ आहे. १६ येईपर्यंत फ्रॉममधल्या सबक्वेरीला नाव द्यावंच लागायचं. द्यायचं म्हणून दिलं. बरं, 'हिशेब' लिहिते, खूश?

मामा: खूश. आणि पद्धत चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. आमच्या वेळी नव्हती सगळीकडे. मायएसक्यूएलमध्ये तर २०१८ला आली, आठव्या आवृत्तीत. पण काही प्रश्न असे असतात की ते आतला-बाहेरचा असेच मनात येतात. ज्याच्या हाताखाली कोणी नाही असा माणूस शोध.

भाची: सोपं आहे. व्हेअर एम्पनो नॉट इन (सिलेक्ट एमजीआर फ्रॉम एम्प).

एकही ओळ आली नाही.

मामा: किंगला साहेब नाही. त्याचा एमजीआर नल. यादीत एक नल आला की नॉट इन कोणालाच बाहेर ठेवल्याची खात्री देऊ शकत नाही, म्हणून कोणीच येत नाही. नॉट एक्झिस्ट्स लिही, आतला.एमजीआर बरोबर बाहेरचा.एम्पनो. ८ जण येतील. स्मिथ, ॲलन, वॉर्ड, मार्टिन, टर्नर, ॲडम्स, जेम्स, मिलर.

भाची: नॉट एक्झिस्ट्सला माझा विरोध नव्हताच. ते पोस्टग्रेस छान उलगडतं.

मामा: बरं, मग शेवटचं एक. प्रत्येक विभागात सर्वांत जास्त पगार कोणाला?

भाची: रो नंबर ओव्हर, पार्टिशन बाय डेप्टनो, ऑर्डर बाय सॅल उतरत्या क्रमाने, आणि बाहेर नंबर बरोबर १. किंग, ब्लेक आणि फोर्ड.

मामा: माझ्या पद्धतीने: बाहेरचा.सॅल बरोबर, आतल्या विभागातला मॅक्स. किती आले?

भाची: ४. किंग, ब्लेक, फोर्ड... आणि स्कॉट. दोघांनाही ३०००.

मामा: तुझ्या यादीत स्कॉट नव्हता.

भाची: रो नंबरला एकालाच १ द्यावा लागतो. रँक लिहिते, दोघंही येतील.

मामा: आणि एकच हवा असेल तर? लॅटरल लावून लिमिट १ केलंस तरी तोच घोळ. आज फोर्ड आला, उद्या टेबल हललं की स्कॉट येईल.

भाची: मग ऑर्डर बायमध्ये आणखी काहीतरी घालायला हवं.

मामा: काय?

भाची: ते विचारणाऱ्याला विचारावं लागेल. आधी लागलेला हवा असेल तर हायरडेट. फोर्ड १९८१चा आहे, स्कॉट नंतर आला.

मामा: विचार मग. तोवर रँक ठेव.